गर्भपिशवीची घडण वेगळी असेल तर: निदानापासून बाळंतपणापर्यंतचा क्रम

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायकॉर्न्युएट’ किंवा ‘सेप्टेट’ असा शब्द दिसला की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘पिशवीला पडदा आहे, ऑपरेशन करून टाका.’ दुसरं, ‘पिशवी दुभंगलेली आहे, आता नऊ महिने पलंगावरून उठायचं नाही.’ दोन्ही घाईची आहेत आणि दोन्हींमुळे बायकांचं नुकसान होतं.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आकाराचं नेमकं नाव ठरण्याआधीच उपचार ठरतो. दिवस राहिल्यावर अगदी सुरुवातीची सोनोग्राफी राहून जाते. आणि सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तेव्हा तिची फाइल सासरच्या कपाटातच असते. हा लेख तो क्रम नीट लावण्यासाठी आहे. डॉक्टरांची जागा तो घेणार नाही. त्यांच्याकडे काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि कुठे एक तासही थांबायचं नाही, एवढं यातून कळावं.

एक गोष्ट आधीच सांगते. ही घडण बाई स्वतः आईच्या पोटात असताना ठरलेली असते. दोन बारीक नळ्या खालच्या बाजूला जुळतात, मधली भिंत विरून जाते आणि एक पिशवी तयार होते. जुळणं अर्धवट राहिलं, भिंत विरली नाही किंवा एक नळी वाढलीच नाही, तर आकार वेगळा होतो. लग्नानंतरचं काम, खाणं, प्रवास, उपास यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे चार लोकांसमोर वाचून दाखवा.

पायरी १: संशय कधी घ्यायचा

साधारण १०० बायकांमध्ये पाच-सहा जणींची पिशवी वेगळ्या घडणीची असते. गर्भपात झालेल्या बायकांमध्ये हे प्रमाण १०० मागे १३ च्या आसपास जातं. बाकी अनेकींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही आणि त्यांची बाळंतपणं सुखरूप होतात. म्हणून प्रत्येकीने हा शोध घ्यायला नको. पुढच्यापैकी काही असेल तर मात्र घ्या:

- दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील.
- चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा जरी गर्भ गेला असेल.
- आधीचं बाळंतपण ३७ आठवड्यांच्या आत झालं असेल.
- आधीच्या प्रत्येक खेपेला मूल पायाळू किंवा आडवं असेल.
- क्युरेटिंग (पिशवी साफ) करूनही गर्भ आतच राहिला असेल, किंवा तांबी बसवलेली असताना दिवस राहिले असतील.
- एक किडनी जन्मापासून नाही असं कधी कळलं असेल.
- पाळी सुरू झाल्यापासून, किंवा पुढे दरवर्षी वाढत, एका बाजूला असह्य दुखत असेल.

शेवटचा मुद्दा मुलींबद्दल आहे. पाळीत एवढं दुखणारच, असं म्हणत वर्षं काढली जातात. पिशवीच्या एका बाजूच्या बंद फाट्यात (त्याला ‘शिंग’ म्हणतात) किंवा बंद योनिमार्गात रक्त साठत असेल, तर ते दुखणं दर महिन्याला वाढत जातं.

*तपासून पाहा:* गर्भपात वारंवार होत असतील, तर पिशवीबरोबरच थायरॉइड, साखर, रक्तात गाठी करणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आणि गरज वाटल्यास नवरा-बायको दोघांचे क्रोमोझोम यांचीही चौकशी व्हायला हवी. पिशवी वेगळी निघाली म्हणून बाकीचं कारण शोधणं थांबवू नका. दोन कारणं एकाच बाईत असू शकतात.

पायरी २: डॉक्टरांकडे जाण्याआधी फाइल तयार करा

या पायरीला एक संध्याकाळ लागते, तरीही सगळ्यात जास्त वेळा हीच टाळली जाते. सगळे जुने कागद एकत्र काढा आणि प्रत्येक गरोदरपणासाठी एक वेगळं पान करा. त्या पानावर हे लिहा: शेवटच्या पाळीची तारीख, गर्भ किती आठवड्यांचा होता, सोनोग्राफीत ठोके दिसले होते का, त्रास कसा सुरू झाला, क्युरेटिंग झालं का, मूल झालं असेल तर वजन किती होतं आणि डोकं खाली होतं की नाही.

आठवड्यांचा घोळ सगळीकडे होतो. ‘पाचवा लागला होता’ म्हणजे चार महिने पूर्ण, साधारण १७-१८ आठवडे. ‘पाच महिने भरले होते’ म्हणजे २२ च्या आसपास. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन्हींत खूप फरक आहे. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. गौरी बसल्या होत्या, बेंदूर झाला होता, गावची यात्रा होती. मग त्या वर्षीचं कॅलेंडर काढून तारीख लावा.

चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या गर्भपाताबद्दल एक प्रश्न नक्की येतो: आधी कळा आल्या, आधी पाणी गेलं, की काहीच न दुखता पिशवीचं तोंड उघडलं? या उत्तरावर पुढे पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा की नाही हे ठरतं. त्या वेळी सोबत कोण होतं त्यांनाही विचारा. तेव्हाच्या धक्क्यात बाईला सगळं आठवत नाही आणि तिने आठवलंच पाहिजे असा आग्रह धरू नका.

सिझेरियन, दुर्बिणीचं किंवा पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल, तर त्या दवाखान्यातून ऑपरेशन नोट मागून घ्या. डिस्चार्ज कार्डवर दोन ओळी असतात. ऑपरेशन नोटमध्ये पिशवी बाहेरून कशी दिसली ते लिहिलेलं असू शकतं. रक्तगटाचा कागद वर लावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर लाल शाईने गोल करा.

पायरी ३: आकाराचं नेमकं नाव ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ काढा. आधी नावं पाहू:

- *पडद्याची पिशवी (सेप्टेट):* बाहेरून एकच, वरची कड जवळपास सरळ. आत वरून खाली येणारी भिंत. गर्भपाताशी सर्वांत जास्त संबंध याच प्रकाराचा.
- *दुभंगलेली पिशवी (बायकॉर्न्युएट):* बाहेरूनच वर खाच. आत दोन शिंगं, खाली एकत्र. इथे दिवस लवकर भरणं आणि मूल पायाळू असणं जास्त दिसतं.
- *दोन पिशव्या (डायडेल्फिस):* दोन वेगळ्या पिशव्या, दोन तोंडं. कधी योनिमार्गातही मध्ये भिंत असते.
- *एकशिंगी पिशवी (युनिकॉर्न्युएट):* एकच बाजू वाढलेली. दुसऱ्या बाजूला कधी कधी अर्धवट शिंग राहिलेलं असतं आणि धोका त्यात लपलेला असतो.
- *आर्क्युएट:* आतून वरची कड किंचित खाली झुकलेली. ही नॉर्मलच धरतात. या एका शब्दावर कोणी ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता तपासण्यांचा क्रम.

पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी फक्त संशय दाखवते. तिच्यावर नाव ठरवू नका.

नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, आतली पोकळी दाखवतो. घागरीत ओतलेल्या पाण्यावरून तिच्या आतला आकार कळेल, घागर बाहेरून कशी आहे ते कळणार नाही. तसंच इथे आहे. पडद्याची आणि दुभंगलेली पिशवी एचएसजीवर सारखीच दिसते, कारण दोन्हींत आत दोन फाटे असतात. आणि या दोघींचे उपचार एकमेकींच्या उलट आहेत. नुसत्या एचएसजीवरून ‘पडदा आहे, कापू’ असं ठरलं, तर तिथेच थांबा.

नाव ठरवायला आज सगळ्यात सोयीची तपासणी म्हणजे योनिमार्गातून केलेली थ्रीडी सोनोग्राफी. ती पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा, कारण तेव्हा आतलं अस्तर जाड असतं आणि आकार स्पष्ट उमटतो. पाळी संपल्या-संपल्या केली तर चित्र धूसर येऊ शकतं. या सोनोग्राफीला लघवी भरून ठेवायची नसते, उलट करून यायची असते. पोटावरच्या सोनोग्राफीची सवय असलेल्या बायका पाणी पिऊन तासभर ताटकळत बसतात. प्रत्येक सेंटरवर थ्रीडी असतंच असं नाही. मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याला निघण्याआधी फोन करून ‘योनिमार्गातून थ्रीडी करता का, पिशवीच्या घडणीचा रिपोर्ट देता का’ असं स्पष्ट विचारा. जत किंवा आटपाडीहून आलेली बाई साधी सोनोग्राफी करून परत गेली, तर तिचा दिवस आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

चित्र स्पष्ट नसेल, अर्धवट शिंगाचा संशय असेल किंवा मुलगी अविवाहित असेल, तर एमआरआय. पोटाची आणि पिशवीची दुर्बीण फक्त निदानासाठी आता क्वचितच लागते. उपचार करायचाच असेल तेव्हाच तिचा विचार होतो.

पिशवीबरोबर किडन्यांची सोनोग्राफी करायलाच हवी. दोन्ही अवयव गर्भात शेजारी-शेजारी घडतात, त्यामुळे पिशवी वेगळी असेल तर एका बाजूची किडनी नसणं किंवा ती भलत्याच जागी असणं बऱ्याच जणींत आढळतं. एकशिंगी पिशवीत हे सर्वांत जास्त. ही तपासणी स्वस्त आहे, तरी राहून जाते.

*तपासून पाहा:* रिपोर्ट हातात आल्यावर त्यात या पाच गोष्टी आहेत का ते पाहा. पिशवीची बाहेरची वरची कड कशी आहे. आत भिंत किती मिलिमीटर खाली आली आहे. तोंडं एक की दोन. दुसरं शिंग आहे का आणि त्यात पोकळी आहे का. दोन्ही किडन्या जागेवर आहेत का. एखादी राहिली असेल तर तिथेच नम्रपणे विचारा. घरी पोचल्यावर विचारणं होत नाही.

एका डॉक्टरांनी पडदा म्हटलं आणि दुसऱ्यांनी नॉर्मल, असं झालं तर कोणी फसवतंय असं लगेच धरू नका. व्याख्याच वेगवेगळ्या आहेत. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०१३ च्या वर्गीकरणात भिंत पिशवीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त आत आली की तिला पडदा म्हणतात. अमेरिकेतल्या संस्थेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ती १ सेंटिमीटरहून जास्त खाली हवी आणि कोनही ९० अंशांहून कमी हवा. त्यामुळे एकच पिशवी एका यादीत पडद्याची ठरते आणि दुसऱ्या यादीत ठरत नाही. म्हणूनच नावाबरोबर मोजमाप लिहून घेणं महत्त्वाचं.

पायरी ४: ऑपरेशन करायचं का

दुभंगलेल्या पिशवीला आणि दोन पिशव्यांना सहसा ऑपरेशन लागत नाही. पोट उघडून दोन भाग शिवून एक करण्याची जुनी पद्धत आता सुचवली जात नाही. त्या शिवणीवर पुढच्या गरोदरपणात ताण येतो आणि फायदा सिद्ध नाही. एकशिंगी पिशवी ‘मोठी करण्याचं’ ऑपरेशनही नसतं.

अर्धवट शिंगाची गोष्ट वेगळी. त्यात पोकळी आणि अस्तर असेल, तर दिवस राहण्याआधीच ते दुर्बिणीने काढून टाकायचा सल्ला दिला जातो. तो गांभीर्याने घ्या. कारण पायरी ६ मध्ये आहे.

उरतो पडदा. तो योनिमार्गातून दुर्बीण घालून कापता येतो, पोटावर टाका येत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या बाईला डॉक्टर हे बरेचदा सुचवतात आणि जुन्या अनुभवांत फायदा दिसला होता. पण २०२१ मध्ये ८० बायकांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. चिठ्ठ्या टाकून केलेल्या त्या तुलनेत पडदा कापलेल्या गटात जिवंत बाळाचं प्रमाण ३१ टक्के होतं आणि न कापलेल्या गटात ३५ टक्के. अभ्यास लहान आहे, त्याने प्रश्न कायमचा सुटला नाही. माझं मत असं: पडदा मोठा असेल आणि बाकी कारणं तपासून गर्भपात होतच असतील, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. पहिलंच गरोदरपण आहे, एकही गर्भपात नाही आणि पडदा योगायोगाने दिसला, तर घाई करू नका.

ऑपरेशन ठरलं तर आधी विचारा: बाहेरची कड सरळ आहे हे कशावरून नक्की केलं? पिशवीला भोक पडू नये म्हणून सोबत सोनोग्राफी किंवा पोटाची दुर्बीण वापरणार का? नंतर पुन्हा तपासणी कधी? ऑपरेशननंतर आतली जागा भरून यायला साधारण दोन महिने द्या आणि मग प्रयत्न करा.

*सावधान:* पडदा कापलेला आहे हे पुढच्या प्रत्येक गरोदरपणात पहिल्याच भेटीत सांगा. क्वचित अशी पिशवी पुढे फाटू शकते. सहाव्या महिन्यानंतर अचानक, सतत पोट दुखलं तर ती माहिती जीव वाचवते.

पायरी ५: दिवस राहण्यापूर्वी

फोलिक ॲसिडची गोळी किमान एक महिना आधीपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि लघवीची तपासणी करा. एकच किडनी असेल तर क्रिएटिनीनही. हिमोग्लोबिन कमी असताना दिवस राहू देणं या बायकांच्या बाबतीत विशेष चूक आहे, कारण बाळंतपणात रक्त जास्त जाण्याची शक्यता असते.

पायरी ६: पहिले १२ आठवडे

पाळी चुकली आणि घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या, की ‘तिसरा लागल्यावर जाऊ’ असं म्हणू नका. सहा ते सात आठवड्यांच्या दरम्यान योनिमार्गातून सोनोग्राफी करा आणि रिपोर्टमध्ये लिहून घ्या: गर्भ कोणत्या बाजूला आहे, आणि ती बाजू पिशवीच्या तोंडाशी जोडलेली आहे का.

*सावधान:* अर्धवट शिंगात गर्भ राहिला, तर तो सुरुवातीला अगदी नॉर्मल वाटतो. ठोके असतात, उलट्या होतात, पोट वाढतं. पण त्या शिंगाची भिंत पातळ असते. बहुतेक वेळा १० ते २० आठवड्यांच्या दरम्यान ती फाटते आणि पोटात भराभर रक्त साठतं. पोटात अचानक तीव्र कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, पांढरंफटक पडणं असं झालं तर १०८ ला फोन करा. अंगावरून रक्त दिसत नाही म्हणून थांबू नका, कारण रक्त आत जात असतं. हे आधी सापडलं तर वाट न पाहता ऑपरेशन करतात.

याच कारणाने मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या सोनोग्राफीशिवाय कधीच घेऊ नका. गर्भ अर्धवट शिंगात असेल तर गोळ्यांनी तो बाहेर पडू शकत नाही आणि आतल्या कळांनी शिंग फाटू शकतं. दोन पिशव्या असतील तर क्युरेटिंग चुकीच्या बाजूचं होऊन गर्भ तसाच राहतो. गर्भपात करावाच लागला, तर पिशवीची घडण माहीत असलेल्या डॉक्टरांकडेच आणि सोनोग्राफीत पाहत.

दुभंगलेली किंवा दुहेरी पिशवी असताना थोडं रक्त गेलं, की गर्भ गेला असं लगेच समजू नका. रिकाम्या बाजूचं अस्तर सुटूनही रक्त येऊ शकतं. सोनोग्राफी करा आणि ठोके पाहा. ते पाहिल्याशिवाय क्युरेटिंगला होकार देऊ नका. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर रक्त गेल्यावर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं आणि एफ फॉर्म भरावा लागतो. मूल मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

पायरी ७: १२ ते २४ आठवडे

इथला मुख्य प्रश्न पिशवीच्या तोंडाच्या लांबीचा. १६ व्या आठवड्यापासून २४ व्यापर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी योनिमार्गातून ती मोजतात. इथेही लघवी करून जायचं. पोटावरून घेतलेलं माप भरवशाचं नसतं.

लांबी २५ मिलिमीटरहून कमी झाली तर रात्री योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. आधी चौथ्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला असेल किंवा दिवस लवकर भरले असतील आणि आता तोंड आखूड होत असेल, तर टाका घालायचा विचार होतो. न दुखता तोंड उघडून गर्भ जाण्याचा अनुभव वारंवार आलेला असेल तर टाका १२ ते १४ आठवड्यांतच घालतात. पायरी २ मध्ये लिहिलेलं पान इथे कामाला येतं.

नुसता आकार वेगळा आहे म्हणून सगळ्यांना टाका, हे चुकीचं आहे. टाक्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणी जाऊ शकतं. ‘शेजारणीला घातला आणि तिचं मूल राहिलं’ हे टाका मागण्याचं कारण होत नाही.

पलंगावर पडून राहण्याचंही तसंच. सक्तीच्या विश्रांतीने दिवस लवकर भरणं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होतात, स्नायू सैल पडतात आणि बाई मनाने खचते. जड ओझं, उसाच्या मोळ्या, डोक्यावरचं पाणी, तासन्‌तास उभं राहणं बंद. घरातली हलकी कामं आणि चालणं चालू. रक्तस्राव, आखूड तोंड किंवा कळा असतील तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढंच वेगळं.

१८ ते २० आठवड्यांत बाळाच्या व्यंगांची सोनोग्राफी होते. लघवीचा संसर्ग वेळेवर ओळखा. जळजळ नसली तरी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) करून घ्यावं, विशेषतः किडनीची घडण वेगळी असेल तर.

पायरी ८: २४ ते ३६ आठवडे, आणि माहेरचा प्रश्न

डोहाळजेवणाची तारीख ठरण्याआधी बाळंतपणाचा दवाखाना ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीत आहे, आणि आईजवळ असण्याचा आधार मोठा असतो. पण माहेर पाटणच्या डोंगरातलं, जावळीच्या खोऱ्यातलं किंवा जतच्या पूर्व भागातलं असेल आणि पिशवी वेगळी असेल, तर ३२ आठवड्यांच्या पुढे तालुक्याच्या किंवा मोठ्या गावी नातेवाइकांकडे राहणं शहाणपणाचं. आईने तिकडे यावं. रीतही पाळली जाते आणि बाळही जवळच्या दवाखान्यात येतं.

दवाखाना निवडताना दोन कसोट्या आधी लावा: सात-आठ महिन्यांचं बाळ आलं तर ठेवायला नवजात अतिदक्षता विभाग तिथेच आहे का? सिझेरियन आणि रक्त रात्री दोन वाजता मिळेल का? मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, यांपैकी जे जवळ पडेल तिथे एकदा आधी जाऊन नाव नोंदवा, कागद दाखवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांची तपासणी मोफत होते. आशाताईंना सांगून त्या दिवशी जोखमीच्या यादीत नाव घालून घ्या.

नोव्हेंबर ते मार्च हंगाम असेल तर रस्त्याचा हिशेब वेगळा करा. कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की नेहमीचा अर्धा तास दीड तासाचा होतो. दुसरा रस्ता कोणता हे आधीच ठरवा.

२८ आठवड्यांपासून साधारण दर चार आठवड्यांनी बाळाची वाढ आणि डोकं कुठे आहे ते पाहतात. पिशवीत जागा कमी असेल तर वाढ मागे पडू शकते. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजा.

*सावधान, लगेच निघा:* दर १०-१५ मिनिटांनी पोट घट्ट होणं, कंबरेत सतत कळ, पाणी जाणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. सकाळपर्यंत वाट पाहू नका. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. डेक्सामेथासोन असेल तर १२ तासांच्या अंतराने चार. प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिला डोस देऊन पुढे पाठवता येतं. तेवढं विचारा, पण त्यासाठी गाडी अडवून ठेवू नका. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात. मूल पोटात असतानाच आईला मोठ्या रुग्णालयात हलवणं, हे जन्मलेल्या नाजूक बाळाला घेऊन धावण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पायरी ९: बाळंतपण

वेगळी पिशवी म्हणजे सिझेरियनच, असं नाही. डोकं खाली असेल आणि बाकी ठीक असेल तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, दुर्बिणीने पडदा कापलेल्या बाईचंही. मूल पायाळू किंवा आडवं असेल तर सहसा सिझेरियन. बाहेरून पोट चोळून मूल फिरवून घेण्याचा प्रयत्न कोणाकडूनही करून घेऊ नका. अनुभवी सुईण असली तरी नाही. अशा पिशवीत डॉक्टरही तो सहसा टाळतात. पोट उघडून पिशवी शिवलेली असेल तर कळा सुरू होण्याआधीच ठरवून सिझेरियन करतात. योनिमार्गात भिंत असेल तर ती आधीच तपासून ठेवलेली बरी.

वार अडकणं आणि बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणं, या दोन्हींची तयारी हवी. नात्यातल्या दोन-तीन जणांना रक्त द्यावं लागेल हे आधीच सांगून ठेवा आणि त्यांचे फोन फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

सिझेरियन होणार असेल तर आधी डॉक्टरांना विनंती करा: पिशवी बाहेरून, मागून, दोन्ही बाजूंनी पाहून जे दिसेल ते नोटमध्ये लिहा. निदानाची यापेक्षा चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

पायरी १०: घरी जाताना

डिस्चार्ज कार्डवर पिशवीच्या प्रकाराचं नाव, बाळंतपण कोणत्या आठवड्यात झालं, मूल कसं होतं, वार कशी आली, रक्त किती गेलं हे लिहून घ्या. पिशवीच्या आतली पोकळी वाकडी असेल तर तांबी बसवू नये. ती नीट बसत नाही आणि दोन शिंगं असतील तर एक बाजू मोकळीच राहते. कुटुंबनियोजनासाठी दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवा. कॅम्पमध्ये तांबी बसवणाऱ्या सिस्टरना पिशवीबद्दल माहीत नसतं, त्यामुळे ते बाईने स्वतः सांगावं लागतं.

या वेळी गर्भ गेला असेल तर दुःख ओसरेपर्यंत कागद बाजूला ठेवा, पण फेकू नका. गर्भाची आणि वारेची तपासणी करायची असेल तर तो निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो, म्हणून नवऱ्याने किंवा बहिणीने तिच्या वतीने डॉक्टरांना विचारावं. सहा आठवड्यांनी पुन्हा भेट घ्या आणि आकाराचं नाव अजून पक्कं झालं नसेल, तर पायरी ३ पासून सुरुवात करा. सगळ्या कागदांचे फोटो तीन मोबाईलमध्ये ठेवा: बाईच्या, नवऱ्याच्या आणि माहेरच्या एकाच्या.